तीस दिवसांचा लेप

बाटलीतलं पाणी नितळ झालं होतं. गेली तीन वर्षं तिने याच एका गोष्टीची धास्ती घेतली होती.

महिन्यापूर्वी तिने बाटली तापपेटीत बंद केली, तेव्हा पाणी कोऱ्या चहासारखं काळं होतं. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे, डोळ्यांना न दिसणारे कण होते आणि प्रत्येक कणावर तिने बनवलेला लेप. पाणी समुद्राहून खारं, उकळायला आलेलं. लेप टिकला तर कण सुटे राहणार आणि पाणी काळं. लेप गेला तर कण एकमेकांना चिकटणार, पाणी नितळ, आणि आज अकरा वाजता कामाची तपासणी करायला येणारी समिती तिचं काम बंद करणार.

"मन घट्ट कर," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. एरवी पेन हरवलं तरी तासभर बोलणारा माणूस, तेवढंच म्हणाला.

ती मात्र बाटलीकडे बघतच राहिली. कणांचा गोळा तळाशी नव्हता. तो एका बाजूला, काचेला धरून बसला होता. खाली बसणारी गोष्ट भिंतीला कशाला चिकटेल?

ती पेटीच्या मागे, येण्याजाण्याच्या वाटेकडे गेली. पत्र्यावर कागद होता. अक्षर प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचं: 'आत आमच्या ताईंचं काम आहे. हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.' कागद नीट बसावा म्हणून मामांनी तिच्याच खणातला सगळ्यांत जबर चुंबक लावला होता. पत्र्यापलीकडे नेमकी तिची बाटली टेकलेली.

"तीन आठवडे झाले लावून," मागोमाग आलेल्या मामांचा चेहरा पडला. "येणारा-जाणारा पेटी उघडून बघायचा. मी वाटोळं केलं का, ताई?"

तिने बाटली एकदाच हलवली. गोळा सुटला. पाणी काळं झालं आणि टेबलावर ठेवल्यावरही काळंच राहिलं. लेप नसलेले कण तीन आठवडे असे दाबले गेले असते, तर जन्मात सुटले नसते. तिला इतका अभिमान वाटला की हसू आवरेना.

अकरा वाजता समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढला. "उष्णता समजली, मीठही समजलं. पण वर तीन आठवडे चुंबक? इतकी कठोर परीक्षा घेतली कुणी?"

मामा दाराआड अंग चोरून उभे होते. तिने त्यांना हाताला धरून पुढे आणलं.

"माझी तर छातीच झाली नसती, मॅडम," ती म्हणाली. "हे आमचे परीक्षक."