वशिंडावरची माशी

खुशालरावांच्या लेकीचं, जमुनेचं, लग्न झालं, त्या सालचा पोळा उद्यावर आला होता. संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे म्हणून त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, वाटीत हळद-तूप कालवून आणलं. सालदार नत्थुजी पळसाच्या पानानं ते पवळ्याच्या मानेवर चोळू लागला. मानेच्या मागं, वशिंडाच्या शेंड्यावर, तळहाताएवढी लाल जखम होती. माशा घोंघावत होत्या.

खुशालरावांनी वाटी त्याच्या हातून काढून घेतली.

"राहू दे. मूर्तिजापूरच्या बाजारात लोक मले पुसून राहिले, तुमचा सालदार जू ठेवते का करवत? उद्या पोळ्यात जोडीचा दोर शेजारच्या सूर्यभानाले देतो."

नत्थुजीचे कान तापले. वीस वर्षांच्या सालदारकीत त्याच्या हातच्या एकाही बैलाला जू लागलं नव्हतं. हा बोल गावात पसरला, तर त्याला कोणी बैलाजवळ उभं करणार नव्हतं.

तो गोठ्यात गेला आणि अजून वेसणही न घातलेला गोऱ्हा ओढत घेऊन आला. वशिंडावरचे केस त्यानं बोटांनी फाकवले. रुपयाएवढी तशीच जखम. बारक्या माशा उठल्या आणि फिरून तिथंच बसल्या.

"याच्यावर जू कवा ठेवलं, मालक?"

खुशालराव वाकून पाहू लागले, तसा नत्थुजी म्हणाला,

"जू तं बारा महिने असते. मंग घाव पावसाळ्यातच काहून फुटते? माशी एकाच्या घावावर बसते, मंग दुसऱ्याच्या. थंडीत माशी सरली का घावही सुकते. माह्या हाताले नावं ठेवू नका."

"तोंड लय चालून राहिलं तुहं."

"मानेवर हात फिरवा, मंग बोला."

पवळ्याच्या मानेवर जू बसतं तिथं खुशालरावांनी हात फिरवला. गाठ नाही, सूज नाही. ते बराच वेळ हात फिरवत राहिले.

"आता बोला ना," दुर्गाबाई म्हणाली. "मघा तं सारा बाजार घरात आणला होता."

खुशालरावांनी वाटी नत्थुजीपुढं धरली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बैलांवर झुली होत्या. पवळ्याच्या वशिंडावर करंजाच्या तेलात भिजवलेलं फडकं होतं.

"नत्थुजी, बैलाले पटका बांधला का?" सूर्यभान हसला.

"हासून घे. तुह्या झुलीखाली माशा जेवून राहिल्या, ते पाह्य आधी."

आणि दोर धरून, मान ताठ करून, तो तोरणाखाली सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला.

नत्थुजी त्यानंतर सहाव्या साली, कार्तिकात, वारला. तिरडीला पुढून खुशालरावांचा खांदा होता.