गोडाऊनचा फोन

लाखांदूरच्या त्या राइस मिलचा मालक महाचिकट. ऑफिसातल्या आणि गोडाऊनमधल्या फोनवरून थेट मोबाईल लागावेत म्हणून त्याने मनिषला यंत्र बसवायला बोलावलं, पण यंत्रात घालायचं सिम काही आणलं नाही. मनिषने दोन शिव्या हासडल्या आणि चाचणीपुरतं आपल्या मोबाईलमधलं सिम काढून घातलं. ऑफिसातल्या वायरी जोडण्यात अर्धा तास गेला, मग टेबलावरचा फोन उचलून त्याने बायकोला लावला. रीता भंडाऱ्याहून एसटीने येत होती.

"आता काय अजून?" ती म्हणाली. "तुमीच म्हणलं म्हणून कारध्याले नदीच्या पुलापाशी उतरली ना मी."

"मी? मी तर आता पहिल्यांदा फोन लावून राहिलो."

"कायले मजाक करता? तुमचाच नंबर, तुमचाच आवाज."

मनिषने यंत्राच्या स्क्रीनवर गेलेल्या फोनची यादी पाहिली. त्याच्या सिमवरून मघाशी एक फोन गेला होता खरा. गोडाऊनच्या फोनवरून.

गोडाऊनमध्ये फोन अजून बसवलाच नव्हता. त्याच्या वायरचं भेंडोळं मनिषच्या पायाशी पडलं होतं.

मनिषने गाडीची किल्ली उचलली. "रीता, एखाद्या दुकानात जाऊन बस. चार लोकांत बस. मी निघालो."

"निघालो काय? समोर तर उभे आहा." ती हसली. "अन् अंगातून पाणी काहून गळून राहिलं? नदीत उतरले होते का?"

"रीता, तो मी नाही. पळ तिथून."

"थांबा, तुमीच बोला तुमच्याशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग मनिषला त्याचाच आवाज ऐकू आला, अगदी शांत.

"ठेव आता. माही बायको आली."