बोलकी

धाराशिवच्या ज्या कॅफेत युसरा कामाला होती, तिथल्या सगळ्याच पोरी मुक्याबहिऱ्या. चहासुद्धा हाताच्या खुणेनं मागायचा. मदिनाबी कळंबहून लेकीला पहिल्यांदाच कामावर बघायला आली. युसरा गिऱ्हाइकांशी दोन्ही हातांनी भराभरा बोलत होती, हसत होती.

"लई बोलकी पोरगी हाय बगा, मावशी," शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली.

बाजारात, लग्नात युसरानं हात हलवले की "लोकं बघायलेत" म्हणत मदिनाबीनंच ते आयुष्यभर दाबून धरले होते. आज मात्र भिंतीवरच्या खुणांच्या तक्त्यात बघून तिनं चहाची खूण चारदा गिरवली.

तेवढ्यात युसराला अम्मी दिसली.

ती पळत आली आणि दोन्ही हात पाठीमागं धरून गप उभी राहिली.