सहा प्रश्नचिन्हं

"आता एकच ओळ राहिली आहे," कंपनीचे जुने हेडक्लार्क सुधीर देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी कलावतीबाईंसाठी खुर्ची पुढे ओढली.

बाई बसल्या नाहीत. गेले तीन महिने त्या दर मंगळवारी डोंबिवलीहून कोलशेतच्या या ऑफिसात येत होत्या आणि एकच विचारत होत्या. त्या दिवशी माझा ऋतुराज कारखान्यात शिरलेला का?

तो दिवस म्हणजे कंपनीच्या डोंबिवलीतल्या कारखान्यात स्फोट झाला तो. आत कोण गेलं याची कागदावर नोंद नव्हती. गेटवरचा दौलत प्रत्येकाचं कार्ड बघून नुसतं पहिलं नाव मराठीत टाइप करायचा आणि ते कोलशेतच्या कॉम्प्युटरमध्ये साठायचं. पण तिथला नावाचा रकाना नुसत्या इंग्रजीसाठी केलेला. मराठी नाव आलं की त्याची प्रश्नचिन्हं व्हायची. वर्षभर हे चाललं होतं आणि एकानेही उघडून बघितलं नव्हतं. असल्या बाबतीत आपल्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही. त्या सकाळच्या बत्तीस ओळी होत्या, बत्तीसही प्रश्नचिन्हांच्या. दौलतला विचारावं, तर तो स्वतःच वाचला नव्हता.

ऋतुराज त्याच कारखान्यात पॅकिंगला होता, पण त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यामुळे कंपनी त्याचं नाव मृतांत घेईना आणि पोलिसांच्या लेखी तो बेपत्ता. जे सापडलं होतं, त्यातून सगळ्यांची ओळख पटण्यासारखी नव्हती. सकाळी घरात बाचाबाची झाली आणि पोरगा तणतणत निघून गेला, एवढंच बाई सांगायच्या. त्या स्वतः तिथे झाडलोट करायच्या. त्या दिवशी तापाने घरी पडल्या होत्या, म्हणून वाचल्या.

युक्ती सापडली ती कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अंतराला. अक्षराला एक प्रश्नचिन्ह, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना वेगळं एकेक. म्हणजे सूरजची चार, मितेशची पाच. वाचलेल्यांना विचारत, कोण कुणाच्या मागून आत गेलं ते जुळवत सुधीररावांनी एकतीस ओळी लावल्या. बत्तिसावी लागेना. आठ वाजून दहा मिनिटं, सहा प्रश्नचिन्हं.

ऋ, त, उकार, र, काना, ज. त्यांनी मोजलं. सहाच. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. बाईंना सांगायचं कसं, हेच त्यांना कळत नव्हतं.

आज सकाळी खात्री करावी म्हणून त्यांनी ऋतुराजच्या कार्डाची झेरॉक्स काढली. ठेकेदाराने नाव छापलं होतं 'रुतुराज'. र आणि त्याचा वेगळा उकार. सात! तीस वर्षं दुसऱ्यांचे ऋ सुधारत चिडचिड करणाऱ्या सुधीररावांनी त्या ठेकेदाराला मनोमन हात जोडले.

हे सगळं त्यांनी बाईंना दोनदा समजावून सांगितलं. ती ओळ एखाद्या टँकरवाल्याची असेल म्हणाले.

"तुमचा मुलगा आत गेलाच नाही, बाई. तो आहे कुठेतरी. रागावून गेलेली पोरं परत येतात." 

कलावतीबाई तीन महिन्यांत पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. ती ओळ दाखवा म्हणाल्या. सुधीररावांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. बाईंनी काचेवर बोट ठेवून एकेक चिन्ह मोजलं. आता यांना रडू कोसळणार, या अंदाजाने सुधीररावांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाई रडल्या नाहीत.

"दौलत नाव कार्डावरनंच घालायचा ना? माणसाकडं बघून नाही?"

"कार्डावरूनच. आठच्या गर्दीत तोंडं कोण बघतंय?"

"माझ्या नावाची किती होतात, साहेब?"

"तुमच्या?" सुधीररावांना हसू आलं. इतक्या दिवसांनी जीव भांड्यात पडला की माणूस असं काहीबाही विचारतो. ते बोटांवर मोजू लागले. क, ल, काना, व, त. एका हाताची बोटं संपली. वेलांटीसाठी त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा उघडला आणि हात तसाच राहिला.

"जाणार नाही म्हणत होता," कलावतीबाई म्हणाल्या. "खाडा पडू नये म्हणून माझं कार्ड मीच त्याच्या खिशात कोंबलेलं."