आयुधपूजेचा कोहळा

बेंगळुरूच्या तुरुंगाच्या दारात वीस वर्षे हातांनी चाचपून चोरटा माल पकडणाऱ्या शिपाई श्रीधररावांना नवे तपासणी यंत्र सवतीसारखे सलत होते. खंडेनवमीच्या आयुधपूजेस यंत्राला विश्रांती देऊन हळदकुंकू वाहिले गेले, तेव्हा तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

इतक्यात पूजेत फोडावयाचा कोहळा बाहेरून आला. श्रीधररावांनी तो चाचपला, देठाखालची चीर हेरली आणि आतून तीन मोबाईल काढून साहेबांपुढे ठेवले.

साहेब गहिवरले. “पूजेचं फळ लगेच मिळालं. बंद असूनही यंत्रानं चोरी पकडून दिली.”

“साहेब, हात माझे होते.”

“हात तुमचेच, अण्णा. पण बुद्धी कोणी दिली?” असे म्हणून साहेबांनी यंत्रापुढे मस्तक लवविले.

निरुपायाने श्रीधररावांनीही हात जोडले.