बढती

शिलाई कारखान्यातल्या बत्तीसही जणी रोज दोन तास जादा थांबायच्या. नियमाप्रमाणे त्या तासांचे पैसे दुपटीने मिळायला हवेत, हे कॉलर शिवणाऱ्या काकूंनी एकदा कारकुनाला तोंडावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मालकाने प्रत्येकीच्या हातात बढतीचं पत्र ठेवलं. सगळ्या एकजात सुपरवायझर! काकूंच्या सुनेने तर ते पत्र शेजारपाजारी मिरवलं.

पगाराच्या दिवशी मात्र ओव्हरटाइमच्या रकान्यात भोपळा होता.

"सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो, काकू," कारकून मान वर न करता म्हणाला. "आता तुम्ही साहेबलोक झालात!"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागेवर जाऊन त्यांनी मशीन बंद केलं आणि त्या हात मागे बांधून ताठ उभ्या राहिल्या. त्यांचं बघून एकेक करत सगळ्याच उठल्या.

खडखडाट थांबला तसा मालक धावत आला. "हा काय तमाशा? उद्या माल जायचाय! शिवणार कोण?"



"बसा ना तुम्ही मशीनवर, साहेब," काकू म्हणाल्या. "देखरेखीला आम्ही बत्तीस जणी आहोत."