न दिसलेला रेडा

“तुम्ही उत्तर आधी ठरवलंत, सर. मोजणी नंतर केलीत.”

तेजश्रीचा आवाज फोनवर चढला होता. पलीकडे पुण्याच्या संस्थेतले तिचे मार्गदर्शक होते. संध्याकाळपर्यंत पेपरला संमती दे, नाहीतर नाव काढतो, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

कापडे गावाच्या वरच्या वाडीत चौथ्या दिवशीही पाऊस खळला नव्हता. तिचा बाप कुशाबा ओटीवर सुंभ वळत बसला होता.

“काय चोरलं गो त्यानं तुझं?”

“चोरलं नाही, बाबा. फेकून दिलं.”

तिनं त्याला समजेल असं सांगितलं. दीर्घिकांच्या कडेचे तारे नियमापेक्षा जास्त वेगानं फिरतात. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिथं न दिसणारं द्रव्य आहे, ते ओढतं. थोडे म्हणतात, द्रव्यबिव्य काही नाही. ओढ फार क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. खरं काय, ते तपासायला तिनं तीन वर्षं जोडतारे मोजले. एकमेकांपासून फार लांब राहून संथ फिरणारे दोन-दोन तारे. दीर्घिकेच्या मानानं एवढ्याशा जागेत त्या द्रव्याचा जोर चालत नाही. तिथंही वेग जास्त निघाला, तर नियमाकडेच बघावं लागेल.

“मंग निघाला?”

“पुष्कळ जोड्यांत निघाला. सरांनी त्या जोड्याच यादीतून काढल्या. म्हणे, जास्त पळतात म्हणजे आत तिसरा तारा लपलेला असणार. कुणी पाहिला? कुणी नाही. काही ठिकाणी असेलही, पण शोधायला नको? पळणाऱ्या काढल्या, गरीब गाईसारख्या ठेवल्या आणि लिहिलं, नियमात बदल नाही.”

कुशाबानं सुंभ मांडीवर ठेवला. थोडा विचार केला.

“बरोबरच हाय की त्यांचं. उगा मोठ्या मानसाशी भांडू नको. मी पन तेच करतो.”

“तुम्ही काय करता?”

“वरच्या भेगेच्या खुंट्या गो.”

तळीये गाव दरडीखाली गेलं, त्यानंतर या वाडीच्या माथ्यावरही भेग दिसली. तहसील ऑफिसची माणसं आली. भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकून गेली. भेग रुंदावतेय का ते कळावं म्हणून दर सोमवारी मधलं अंतर मोजून फोनवर कळवायचं काम कुशाबाकडे दिलं. दोन पावसाळे तो न चुकता कळवत होता, नऊ फूट. त्या आकड्यावर ऑफिसानं कागद दिला, डोंगर स्थिर आहे, वाडी हलवायची गरज नाही. एकही साहेब परत वर चढला नाही. आकडा मनासारखा असला की कोण चढतो? बत्तीस घरं त्या कागदाच्या भरवशावर निजत होती. तेजश्री तीन वर्षं आकाश मोजत होती. घरामागच्या खुंट्यांबद्दल तिनंही कधी विचारलं नव्हतं.

“खालची खुंटी सरकते,” कुशाबा सांगत होता. “रेडा धक्का देतो तिला. मी उपटतो, टेप लावतो, नऊ फुटांवर परत ठोकतो. मंग कळवतो. बांधाचा दगड कोनी सरकवला तर आपन जाग्यावर ठेवतो का नाय? तसंच. सायबानं नऊ फूट ठेवलेलं, आपन कसं मोडायचं?”

तेजश्री त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“रेडा पाहिलात तुम्ही?”

“कधीच नाय. पन धक्क्याबिगर लोखंडाची खुंटी सरकंल कशी?”

आत ठकूबाई भाकऱ्या थापत होती. “आई, चूल राहू दे,” तेजश्री ओरडली. “पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन खाली कापड्याला सुटा. सगळ्या घरांत सांग!”

“अगो, भाकरी तव्यावर हाय!”

“असू दे!”

कुशाबा गोंधळून उठला. “येवढं काय झालं? मी हाय ना ध्यान ठेवून. आज सकाळीच ठोकून आलो. दोनदा.”

“दोनदा?”

“पैल्यांदा ठोकली. पान खाऊन उठलो, तवर परत सरकलेली.”

तेजश्रीनं त्याचे दोन्ही खांदे धरले.

“किती सरकली होती, बाबा? बोटभर? वीतभर? हातभर? बोला!”